सोलापुरात राहून वनस्पतिशास्त्राचा अभ्यास कसा करावा

सोलापुरातील महाविद्यालयांत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला वनस्पतिशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी हा विषय ठरवून घेतलेला नसतो. कोणाला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडलेले असतात, कोणाचा कृषी पदवीचा प्रवेश थोडक्यात हुकलेला असतो, तर कोणाला केवळ गणित टाळायचे असते. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, कारण विषयाची गोडी प्रवेशानंतरही लागते. मात्र एक गैरसमज, जो विषय मनापासून निवडणाऱ्यांच्याही डोक्यात असतो, तो पहिल्याच महिन्यात दूर करावा लागतो. वनस्पती पाहायच्या तर कास किंवा आंबोलीला जावे, सोलापुरात बाभळी आणि गाजरगवताशिवाय आहे काय, असा तो समज आहे. पाणी तुटपुंजे, ऊन कडक आणि माती एका शिवारात काळी तर दुसऱ्यात मुरमाड असताना वनस्पती जगते कशी, हा या शास्त्रातील मोठा प्रश्न आहे, आणि तो शिकण्यासाठी पर्जन्यछायेतील या जिल्ह्याइतकी सोयीची जागा सह्याद्रीच्या माथ्यावर मिळणार नाही. पुढील सर्व सूचना या एका विचारावर आधारलेल्या आहेत.

आरंभ कशाने करावा

प्रवेश निश्चित झाल्यावर पहिले काम म्हणजे विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घेऊन त्याची छापील प्रत जवळ ठेवणे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र झाले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. तेव्हापासून अभ्यासक्रम अनेकदा बदलले असून नव्या शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांची रचनाही बदलली आहे. पण वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून हातोहात येणाऱ्या झेरॉक्स टिपणांना या बदलांची दाद नसते. ज्या घटकावर आता प्रश्नच येत नाही तो पाठ करण्यात एक सत्र घालवलेले विद्यार्थी मी दर वर्षी पाहतो.

श्रेयांकाचा अर्थ नीट समजून घ्यावा. सिद्धांताचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासांचे अध्यापन आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचे काम. म्हणजे गुणपत्रिकेत एकसारखाच दिसणारा आकडा प्रात्यक्षिकात दुप्पट वेळ मागतो, आणि तो वेळ परीक्षेच्या आदल्या आठवड्यात भरून काढता येत नाही. जोडविषय निवडताना रसायनशास्त्र शक्यतो सोडू नये. वनस्पतींची शरीरक्रिया, जैवरसायन आणि आनुवंशिकीतील प्रयोग या तिन्ही ठिकाणी त्याची गरज पडते, आणि पुढे एम.एस्सी.ला गेल्यावर ते नसल्याची खंत वाटते.

भाषेची अडचण

बार्शी, करमाळा, सांगोला, अक्कलकोट या भागांतून आलेल्या आणि बारावीपर्यंत मराठीतून विचार करण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला खरी भीती वनस्पतींची नसते, इंग्रजी संज्ञांची असते. यावर पाठांतर हा उपाय नाही. एका वहीत तीन रकाने आखावेत: पहिल्यात इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात तिची मराठी संज्ञा आणि तिसऱ्यात ती ज्या ग्रीक किंवा लॅटिन तुकड्यांपासून बनली त्यांचा अर्थ. ‘झीरोफाइट’ या शब्दात ‘झीरोस’ म्हणजे कोरडे आणि ‘फायटॉन’ म्हणजे वनस्पती हे एकदा कळले, की ‘हायड्रोफाइट’, ‘हॅलोफाइट’, ‘एपिफाइट’ हे शब्द निराळे शिकावे लागत नाहीत. असे सत्तर-ऐंशी तुकडे माहीत झाले, की पुस्तकातील बहुतेक संज्ञांचा अर्थ ओळखता येतो. मराठी संज्ञांसाठी शासनाच्या भाषा संचालनालयाचा वनस्पतिशास्त्राचा परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशातील वनस्पतींवरील नोंदी ही दोन साधने विनामूल्य उपलब्ध असून, विश्वकोशातील जुन्या नोंदींची भाषा आजही अचूकपणाचा धडा आहे.

येथे एका घोटाळ्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. शास्त्रीय मराठीत ‘जीनस’साठी प्रजाती आणि ‘स्पीशीज’साठी जाती हा शब्द रूढ आहे. वर्तमानपत्रे मात्र ‘स्पीशीज’लाच सर्रास प्रजाती म्हणतात. विद्यार्थ्याने आपल्या वहीत एक वापर ठरवून तो शेवटपर्यंत पाळावा.

नावे, आणि आठवड्याला पाच वनस्पती

सोलापूर हे चार भाषांचे शहर आहे. ज्या झाडाला घरात कोणी कडूनिंब म्हणते, त्यालाच शहराच्या पूर्व भागातील तेलुगू कुटुंबात वेपा आणि अक्कलकोटकडील कन्नड कुटुंबात बेवु म्हणतात. जोंधळा, जोळ आणि जोन्नलु ही एकाच धान्याची नावे आहेत. शास्त्रीय नाव कशासाठी हवे, हे इतरत्र शिक्षकाला व्याख्यान देऊन सांगावे लागते. येथे वर्गातील चार विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील नाव सांगितले तरी पुरते. म्हणून वहीत प्रत्येक वनस्पतीसमोर शास्त्रीय नाव, कुल (वनस्पतीचे घराणे) आणि आपल्या आजीच्या तोंडी असलेले नाव, अशा तिन्ही गोष्टी लिहाव्यात. लोकनावे गोळा करणे हे हौसेचे काम समजू नये, कारण औषधी आणि खाद्य वनस्पतींचा पारंपरिक वापर नोंदवणारी लोकवनस्पतिविज्ञान ही शाखा याच नोंदींवर उभी आहे.

दर आठवड्याला पाच नव्या वनस्पती ओळखण्याचा नेम ठेवावा. वर्षातील तीस आठवडे तो पाळला तर दीडशे वनस्पती होतात, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला दीडशे वनस्पती फुलासकट ओळखणारा विद्यार्थी कोणत्याही विभागात वेगळा उठून दिसतो. आरंभ महाविद्यालयाच्या आवारातूनच करावा: भिंतीच्या कडेची एकदांडी, आघाडा, दुधी नावाचे तण, पायवाटेवरचा गोखरू, मोकळ्या जागेतील तरवड आणि रुई. मोबाइलमधील वनस्पती ओळखणारी अॅप शंका विचारण्यासाठी वापरण्यास हरकत नाही, परंतु ती गवतांच्या आणि माळरानावरील लहान झुडपांच्या बाबतीत वारंवार फसतात, आणि त्यांच्या उत्तरावर विसंबणारा विद्यार्थी फूल उघडून पाहणे सोडून देतो, ही माझी त्यांच्याविषयीची मुख्य तक्रार आहे.

फूल उघडून पाहणे म्हणजे दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याशी धरून पुंकेसर किती आहेत, ते एकमेकांना जुळलेले आहेत का, अंडाशय वर आहे की खाली, त्याचा आडवा छेद घेतला तर कप्पे किती दिसतात, हे स्वतः मोजून पुष्पसूत्र, म्हणजे फुलाची रचना चिन्हांत मांडणारे सूत्र, लिहिणे होय. सात-आठ कुले पक्की झाली की बाकीची त्यांच्या तुलनेने शिकता येतात, आणि त्यांचे नमुने सोलापूरच्या शेतात आणि मंडईत भरपूर आहेत. जास्वंद, भेंडी, कापूस, अंबाडी आणि रस्त्याकडेची मुद्रा (पेटारी) यांची फुले शेजारी ठेवली तर पुंकेसरांची एकच नळी सर्वांत दिसते आणि माल्व्हेसी कुल आयुष्यभर विसरले जात नाही. तूर, हरभरा आणि भुईमूग यांनी शिंबावंत कुल कळते. वांगे, मिरची आणि धोत्रा यांनी सोलॅनेसी कळते. करडई आणि सूर्यफूल यांनी ॲस्टरेसीतील एक ‘फूल’ म्हणजे मुळात शेकडो फुलांची वसाहत असते, हे उमगते. गवतांचे कुल अवघड म्हणून बहुतेक जण सोडून देतात. सोलापूरच्या विद्यार्थ्याने ते सोडू नये, कारण जिल्ह्याची खरी नैसर्गिक वनस्पतिसृष्टी माळावरच्या कुसळी, मारवेल यांसारख्या गवतांचीच आहे.

नावांविषयी आणखी एक गोष्ट. जुन्या पुस्तकात बाभळीचे नाव ‘अकेशिया निलोटिका’ असते आणि नव्या पुस्तकात ‘वॅचेलिया निलोटिका’. हा छपाईचा दोष नाही. २००५ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातील गटासाठी राखण्याचा निर्णय मान्य झाला, त्यामुळे आफ्रिका आणि आशियातील बाभळींना दुसऱ्या प्रजातींत जावे लागले. त्याचप्रमाणे बेंथम आणि हूकर यांच्या १८६२ ते १८८३ या काळात प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात रुईचे कुल ॲस्क्लेपिएडेसी आहे, तर डीएनएच्या पुराव्यावर आधारलेल्या एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या तज्ज्ञगटाच्या) वर्गीकरणात ती कण्हेरीबरोबर ॲपोसायनेसी कुलात आहे. साग व्हर्बिनेसीतून निघून तुळशीच्या लॅमिएसीत गेला आहे. परीक्षेत प्रश्न कोणत्या पद्धतीनुसार विचारला आहे ते पाहूनच उत्तर लिहावे आणि वहीत दोन्ही नोंदवावे. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळातील ग्रंथ ओळखीच्या किल्ल्यांसाठी, म्हणजे लक्षणांवरून नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यांसाठी, आजही उपयोगी पडतो, मात्र त्यातील नाव जसेच्या तसे उतरवू नये.

वनस्पतिसंग्रह करताना

बहुतेक विद्यार्थी हर्बेरियमचे, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचे, काम शेवटच्या महिन्यात करतात, आणि फेब्रुवारीत सोलापूरच्या माळावर वाळक्या काड्यांशिवाय काही उरलेले नसते. एकवर्षायू वनस्पतींचा हंगाम जुलैच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. त्या तीन महिन्यांतील प्रत्येक रविवार मोलाचा आहे. नमुना फुलांसह आणि जमल्यास फळांसह घ्यावा, लहान वनस्पती मुळासकट उपटावी आणि तोडण्यापूर्वीच वहीत क्रमांक घालून ठिकाण, तारीख, उंची, फुलाचा रंग, वास आणि चीक यांची नोंद करावी. वाळल्यावर निळे फूल तपकिरी होते आणि नोंद नसेल तर तो रंग कायमचा हरवतो.

दाबण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे उत्तम. गुळगुळीत कागदाची मासिके ओल शोषत नाहीत. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदलावेत आणि भाद्रपदातील दमट हवेत दिवसातून दोनदा. उंच गवत इंग्रजी व्ही किंवा एन अक्षराच्या आकारात मुडपावे. शेरासारख्या मांसल आणि चिकाळ वनस्पती दाबाखालीही काही दिवस जिवंत राहून पाने गाळतात, म्हणून त्या आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून घ्याव्यात. शेराचा आणि रुईचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, त्यामुळे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नयेत. किडीपासून रक्षणासाठी मर्क्युरिक क्लोराइडचे द्रावण लावण्याची जुनी रीत अजून काही प्रात्यक्षिक-पुस्तिकांत छापलेली दिसते. ते जहाल विष आहे. विभागात डीप फ्रीझर असेल तर नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून काही दिवस त्यात ठेवणे हा सुरक्षित मार्ग आहे. शेवटी सुमारे बेचाळीस बाय अठ्ठावीस सेंटिमीटरच्या जाड कागदावर नमुना चिकटवून उजव्या खालच्या कोपऱ्यात नोंदपट्टी लावावी.

नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. तेथील गवताळ माळ आवर्जून पाहावा, परंतु वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तेथील काडीही तोडू नये. अभयारण्याबाहेरसुद्धा एखाद्या ठिकाणी त्या वनस्पतीची चार-पाचच झाडे दिसली तर छायाचित्रावर समाधान मानावे.

प्रात्यक्षिके: कांदा, जोंधळा आणि कापूस

विषयाचा पाया प्रयोगशाळेत पक्का होतो, आणि सोलापूरच्या विद्यार्थ्याला त्यासाठी लागणारे साहित्य अक्षरशः बाजारात मिळते. येथील बाजार समिती कांद्यासाठी राज्यभर ओळखली जाते. त्यातलेच दोन कांदे घेऊन पेशीविभाजन शिकावे. कांद्याची वाळलेली मुळे खरवडून त्याचा तळ पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर टेकवून ठेवला, की दोन-तीन दिवसांत एक-दोन सेंटिमीटर लांबीची पांढरी मुळे फुटतात. सकाळच्या वेळी त्यांची टोके कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक आम्ल यांच्या मिश्रणात चोवीस तास ठेवावीत, नंतर ॲसिटोकार्मिनमध्ये किंचित गरम करून केवळ शेवटचा दीड-दोन मिलिमीटरचा गडद भाग काचपट्टीवर घ्यावा आणि कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाबावे. बहुतेकांची काचपट्टी बिघडते ती याच ठिकाणी: मुळाचा फार मोठा तुकडा घेतला जातो किंवा दाबताना अंगठा सरकतो. कांद्यात सोळा गुणसूत्रे असतात आणि ती मोठी असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातही मोजता येतात. विभाजनाच्या चारही अवस्था एकाच पट्टीवर सापडल्या नाहीत म्हणून पुस्तकातील आकृती उतरवू नये. तीन पट्ट्या कराव्यात. निरनिराळ्या वेळी टोके कापून किती पेशी विभागत आहेत याची तुलना केल्यास त्यातूनच एक छोटा प्रकल्प तयार होतो.

यापुढे छेद घेण्याची कला. ती हाताची आहे, वाचून येत नाही. बटाट्याच्या किंवा गाजराच्या तुकड्यात चीर पाडून त्यात पान बसवावे, पाते आणि साहित्य दोन्ही ओले ठेवावे आणि एका दिशेने, न थांबता, वीस-पंचवीस छेद घ्यावेत. त्यांतील पूर्ण गोल छेदापेक्षा अर्धवट पण पातळ छेद अधिक उपयोगाचा असतो. सॅफ्रॅनिनने रंगवून, जादा रंग धुऊन ग्लिसरीनमध्ये पाहावे.

पहिला छेद जोंधळ्याच्या पानाचा घ्यावा आणि त्याच्या शेजारी तुरीच्या पानाचा. जोंधळ्यात प्रत्येक वाहकवृंदाभोवती (पाणी आणि अन्न वाहणाऱ्या पेशींच्या जुडग्याभोवती) मोठ्या, हिरव्यागार पेशींचे कडे दिसते. जर्मन भाषेत माळेला ‘क्रांझ’ म्हणतात, त्यावरून या रचनेला क्रांझ हे नाव पडले. तुरीत हे कडे नसते. या एका फरकात रब्बीच्या कोरडवाहू शेतीचे मर्म आहे. तुरीसारख्या सी-३ वनस्पतीत (जिच्यात आधी तीन कार्बनचे संयुग तयार होते) कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे विकर (एन्झाइम) उष्ण हवेत अधूनमधून चुकून ऑक्सिजनच पकडते आणि केलेले काम वाया जाते. जोंधळा, बाजरी, मका आणि ऊस या सी-४ वनस्पतींत बाहेरच्या पेशी आधी चार कार्बनचे आम्ल तयार करतात, ते आतल्या कड्यात पोहोचवतात आणि तेथे कार्बन डायऑक्साइडची दाटी निर्माण करतात, त्यामुळे रुबिस्कोची चूक टळते आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रे, कमी उघडी ठेवूनही भागते. त्याच छेदात पानाच्या वरच्या बाजूला फुगीर, पाणी साठवणाऱ्या पेशींचे पुंजके दिसतील. त्यांतील पाणी कमी झाले की पान सुरळीसारखे गुंडाळले जाते. मंगळवेढ्याच्या शिवारात दुपारी जोंधळा पाने का मिटून घेतो, याचे उत्तर काचपट्टीवर मिळाल्यावर विषय परका राहत नाही. मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेला मालदांडी ३५-१ हा वाण रब्बीच्या जिरायतीत इतकी वर्षे का टिकला, हा प्रश्नही मग नुसता माहितीचा राहत नाही, शरीरक्रियेचा होतो.

त्याच शेतात जांभळट-गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचा टारफुला दिसला तर तो मुळासकट खणून पाहावा, कारण तो जोंधळ्याच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार ओढणारा अर्धपरोपजीवी आहे. त्याचे धुळीसारखे बी जवळ यजमानाचे मूळ आल्याशिवाय रुजत नाही. त्याला जागे करणारे रसायन १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळे केले गेले, आणि टारफुल्याच्या ‘स्ट्रायगा’ या नावावरून त्याला स्ट्रायगॉल म्हणतात. वनस्पती आपल्याच शत्रूला निमंत्रण देणारे रसायन का सोडते, हे कोडे बराच काळ सुटले नाही. २००५ मध्ये असे दिसले, की मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला बोलावण्यासाठी ते असते, आणि २००८ मध्ये फांद्या फुटण्यावर नियंत्रण ठेवणारे संप्रेरक म्हणूनही स्ट्रायगॉलसारख्या रसायनांच्या गटाला, म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोनला, मान्यता मिळाली. पदवीच्या वर्गात संप्रेरके शिकवताना ऑक्झिन आणि जिबरेलिनवर तास जातात आणि स्ट्रायगोलॅक्टोनला दोन ओळी मिळतात. विद्यार्थ्याने हा भाग स्वतः वाचावा.

चादरी आणि टॉवेलांच्या या शहरात कापसाचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली न पाहता पदवी घेणे मला अनुचित वाटते. सरकीवरून काढलेला कच्चा कापूस पाण्याच्या थेंबात ठेवून पाहिला तर पिळलेल्या चपट्या फितीसारखे तंतू दिसतात. प्रत्येक तंतू म्हणजे बीजाच्या त्वचेवरील एकच पेशी असून ती दोन-तीन सेंटिमीटर लांब वाढते आणि मग जवळजवळ शुद्ध सेल्युलोजची भिंत मागे ठेवून मरते. पेशी डोळ्यांना दिसत नाही, हे वाक्य यानंतर विद्यार्थी जपून लिहितो.

कोरड्या हवेतील जुळवणुकीचा नेहमीचा नमुना म्हणजे कण्हेरीचे पान, आणि ती तर प्रत्येक देवळापाशी आणि रस्त्याच्या दुभाजकात आहे. तिची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस केसाळ खळग्यांत लपलेली असतात. याहून गमतीचा प्रयोग पानफुटीचा आहे. पहाटे आणि सायंकाळी तिच्या एकेका पानाचा रस काढून पीएच कागदाने तपासावा. ती रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा ती मिटून तोच वापरते, म्हणून पहाटेचा रस स्पष्टपणे अधिक आम्लधर्मी निघतो. बेंजामिन हेन या वनस्पतितज्ज्ञाने हे भारतातच पाहिले होते: पाने सकाळी आंबट लागतात, दुपारपर्यंत बेचव होतात आणि संध्याकाळकडे कडवट लागतात, असे त्याने १८१३ मध्ये लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. त्याने पाने चाखली होती. आपण कागदच वापरावा.

आकृती काढताना पेन्सिल टोकदार असावी, छटा देऊ नयेत, नावांच्या रेषा शक्यतो उजव्या बाजूला समांतर काढाव्यात आणि किती पट मोठे करून पाहिले ते लिहावे. जर्नल त्याच दिवशी पूर्ण करावे.

संस्था आणि शिवार

केगाव येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून कार्यरत आहे, आणि विद्यापीठही त्याच बाजूला आहे. वनस्पतिरोगशास्त्र शिकताना डाळिंबावर झॅन्थोमोनास या जिवाणूमुळे होणारा तेल्या आणि मातीतील बुरशीमुळे होणारा मर रोग हे पुस्तकातील उदाहरणांपेक्षा जवळचे आहेत. ज्याच्या घरी बाग आहे त्याने पाने आणि फळांवरील तेलकट डागांची पावसाच्या नोंदींसह आठवड्यागणिक छायाचित्रे काढली, तरी त्याच्याकडे वर्षाअखेरीस प्रकल्पाचे साहित्य जमा होते. कोरडवाहू शेतीचे संशोधनही सोलापुरात दीर्घकाळ चालू आहे. अशा ठिकाणी भेट हवी असल्यास विभागप्रमुखांच्या पत्रासह, नेमके काय पाहायचे आहे ते लिहून, महिनाभर आधी विनंती करावी. चाळीस जणांची सहल नेऊन मिळते त्यापेक्षा पाच जणांच्या भेटीत कितीतरी अधिक मिळते.

पाणवनस्पती आणि शैवालांसाठी सिद्धेश्वर तलाव आणि हिप्परग्याचा तलाव आहेत. एका बाटलीत काठावरचे पाणी आणून त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, कारण दुसऱ्या दिवशी त्यातील अर्धे जीव ओळखू येत नाहीत. नेचे आणि शेवाळी मात्र येथे कमी आढळतात. त्यांच्यासाठी पावसाळ्यात एक फेरी सह्याद्रीत करावीच लागते, हे मान्य केले पाहिजे.

मंडईलाही मी संस्थाच मानतो. भाजीवाल्या मावशींना माठ, चुका, चाकवत, घोळ यांच्या रानातल्या आणि शेतातल्या प्रकारांमधला फरक वर्गातील कोणाहीपेक्षा चांगला कळतो. पूर्व भागात विडी वळणाऱ्या महिला टेंभुर्णीचे पान हातात घेताच त्याची प्रत सांगतात. त्यांच्याकडून शिकताना आदराने विचारावे आणि नोंदीत त्यांचे श्रेय लिहावे.

परीक्षा आणि त्यापुढे

उत्तरात परिच्छेदाच्या जागी नामनिर्देशित आकृती असेल तर परीक्षक समाधानी असतो आणि लिहिणाऱ्याचा वेळही वाचतो. वर्गीकरणाच्या प्रश्नात पुष्पसूत्र आणि स्थानिक उदाहरणांची शास्त्रीय नावे, शरीरक्रियेच्या प्रश्नात प्रवाहाची आकृती आणि आनुवंशिकीत सोडवलेले गणित, एवढे तरी असावे.

संशोधनाकडे जायचे असेल तर दुसऱ्या वर्षापासूनच सीएसआयआर-नेटच्या, म्हणजे संशोधनवृत्ती आणि अध्यापनपात्रतेसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या, जीवविज्ञान प्रश्नपत्रिका चाळाव्यात. तिच्या दोनशे गुणांपैकी शंभर गुण विश्लेषणावर आधारित असलेल्या तिसऱ्या भागाला आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे पाठांतरावर ती निभत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट ही अध्यापनपात्रता परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेच्या जीवविज्ञान प्रश्नपत्रिकेत वनस्पतिशास्त्र हा एक विभाग निवडता येतो, आणि भारतीय वनसेवेच्या परीक्षेत तो वैकल्पिक विषय आहे. संख्याशास्त्र आणि संगणकावर माहितीचे विश्लेषण करणे टाळणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र यांपैकी जवळजवळ प्रत्येक वाट अवघड जाते. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र या दोन ठिकाणचे वनस्पतिसंग्रह एम.एस्सी.पूर्वी एकदा पाहून यावेत. आपण चिकटवलेला कागद आणि तेथील कागद यांतील अंतर पाहिल्यावर पुढील वर्षी हात आपोआप सुधारतो.

राहिली उन्हाळ्याची सुटी. मे महिन्यात बाभळीच्या वाळलेल्या शेंगा जमिनीवर पडलेल्या असतात आणि शेळ्यांच्या वाड्यात लेंड्यांबरोबर त्यांचे बीही मिळते. शेंगेतून काढलेले पन्नास बी, उकळते पाणी ओतून रात्रभर भिजवलेले पन्नास, वाळूच्या कागदावर घासलेले पन्नास आणि वाड्यातून वेचलेले पन्नास, असे चार गट करून एकाच मातीच्या चार कुंड्यांत पेरावेत, सर्वांना सारखे पाणी द्यावे आणि रोज किती रुजले ते लिहावे. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला जाताना ती वही बरोबर न्यावी.